घोड्यावर बसवावे की नाही?

पत्र : माझा मुलगा सहा वर्षांचा असून त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहण्याचा विकार) आहे. पाय आखडलेले असतात, आधाराशिवाय बसता येत नाही. दिवाळीत माझ्या दिरांनी पाचगणीच्या टेबल लँडवर त्याला पुढ्यात घेऊन घोड्यावरून फेरी मारली. उतरल्यावर त्याचे पाय बराच वेळ सैल राहिले. आता घरात ठरते आहे की फिजिओथेरपीसाठी साताऱ्याला जाणे बंद करून दर रविवारी त्याला घोड्यावर बसवायचे. मी नको म्हटले तर लेकराच्या सुखाच्या आड आल्यासारखे होईल. यजमान काहीच बोलत नाहीत. काय करावे?
– एक आई, वाई

ताई, तुम्ही पाहिलेत तो भास नव्हता. घोडा पावलाच्या चालीने चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलते, आणि माणूस स्वतःच्या पायांनी चालताना त्याची कंबर जशी हलते जवळपास तशीच ती स्वाराची कंबर हलवते. जे मूल कधी चालले नाही त्याच्या धडाला ही लय घोड्यावर प्रथमच मिळते, आणि तोल सावरण्याचे काम पाठीच्या व पोटाच्या स्नायूंना आपोआप करावे लागते. शिवाय मांड्या फाकून बसल्याने त्यांचे आखडलेले स्नायू ताणले जातात आणि घोड्याच्या अंगाची ऊब त्यांना लागते. मात्र हा सैलपणा तात्पुरता असतो.

डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांनी पोलिओने पाय अधू झालेले असताना 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीचे रौप्यपदक मिळवले आणि घोड्यावर बसवून करायच्या उपचाराकडे जगाचे लक्ष गेले. त्यांचे उदाहरण तुमच्या घरी कोणी देईलच. तेव्हा त्या आजारापूर्वीपासूनच निष्णात स्वार होत्या, हेही सांगा.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला खरी काळजी खुब्याची वाटते. पाय आखडलेल्या अशा मुलांमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून हळूहळू सरकू लागतो आणि पुष्कळदा सुरुवातीला दुखतही नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. अशा खुब्याने घोड्यावर फाकून बसणे घातक ठरू शकते. म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांकडून खुब्यांचा एक्स-रे काढून घ्या, आणि त्याला झटके येत असतील तर मेंदूविकारतज्ज्ञांनाही विचारा. तोवर घोडा नको.

फिजिओथेरपी मात्र कोणत्याही कारणाने थांबवू नका. रोजचे ताण देण्याचे व्यायाम आणि स्प्लिंट (पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) यांची जागा रविवारची अर्ध्या तासाची रपेट घेऊ शकत नाही. परदेशातही फिजिओथेरपिस्ट घोड्याचा उपयोग चालू उपचारातले एक साधन म्हणूनच करतात. खर्चाची अडचण असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याची चौकशी करा. सेरेब्रल पाल्सी त्यात येते आणि वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात थेरपीचाही समावेश आहे.

दिरांना तुम्ही थेट नकार द्यावा असे मला वाटत नाही. पत्रावरून तरी त्या घरात मुलाला उचलून जग दाखवायला नेणारे तेच दिसतात, आणि असा माणूस दुखावून चालणार नाही. एक्स-रे काढायला त्यांनाच बरोबर न्या. घोड्याचा प्रश्न फिजिओथेरपिस्टला त्यांच्याच तोंडून विचारू द्या. जे उत्तर तुम्ही दिल्यास आडमुठेपणा ठरेल, तेच तिथे मिळाल्यावर ते ऐकतील. यजमानांना एवढेच सांगा की निर्णय आईबापांनी मिळून घ्यायचा आहे, आणि त्या दिवशी त्यांनीही रजा काढावी.

डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट दोघांनीही होकार दिला, तरी पर्यटकांच्या गर्दीतली फेरी नको. सकाळी माळ मोकळा असताना, शांत स्वभावाच्या घोड्यावर, मुलाच्या डोक्यावर हेल्मेट घालून, एकाने लगाम धरून आणि दोन्ही बाजूंनी एकेकाने मुलाला धरून केवळ पावलाच्या चालीने न्यावे. दिरांनी मागे बसून त्याला पुढ्यात घेऊ नये, कारण घोडा बुजला तर दोघेही एकदम पडतील. त्यांची जागा मुलाच्या उजव्या किंवा डाव्या बाजूला, जमिनीवर आहे. आणि पहिल्या काही वेळा फिजिओथेरपिस्ट स्वतः तिथे हजर असावा. फिजिओथेरपिस्टला पसरणीचा घाट चढून आणण्याची जबाबदारीही दिरांवरच सोपवा.