आधी ४एक्स, नाव नंतर

अंबाजोगाईला पॅथॉलॉजी घेतलीस ना, मग ऐक. केसाच्या मुळाच्या गाठीची स्लाइड आली की लगेच ४०एक्स, म्हणजे मायक्रोस्कोपची खूप मोठं दाखवणारी लेन्स, लावू नकोस. आधी कमी मोठं दाखवणाऱ्या ४एक्सवर सगळी रचना बघ. मधे रुंदावलेलं एक मूळ आणि त्याला चहूकडून फुटलेली बारकी मुळं दिसली तर ट्रायकोफॉलिक्युलोमा. केंद्रक हरवलेल्या भुतासारख्या पेशी म्हणजे पायलोमॅट्रिकोमा, तो सोपा. फिकट, ग्लायकोजेनने भरलेल्या पेशी आणि कडेला जाड काचेसारखा पडदा, तर ट्रायकिलेमोमा. चेहऱ्यावर अशा अनेक असतील तर काउडेन सिंड्रोमची (कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक आजार) शंका सर्जनला फोन करून सांग.

खरी पंचाईत ट्रायकोएपिथेलिओमा (साधी गाठ) की बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा कॅन्सर), ही. भेग कुठे आहे ते बघ. पेशींचे पुंजके आणि स्ट्रोमा (त्यांच्याभोवतीचा आधार देणारा भाग) यांच्यामधे असेल तर कॅन्सरकडे झुक, स्ट्रोमातच असेल तर साध्या गाठीकडे. पॅपिलरी मेसेन्कायमल बॉडी, म्हणजे केसाच्या मुळाच्या टोकासारखे दिसणारे स्ट्रोमातले पुंजके, सापडले की कौल साध्या गाठीकडे, जीवात जीव येतो.

पहिल्या वर्षी नाकावरच्या गाठीच्या इवल्याशा तुकड्यावर मी छातीठोक नाव लिहिलं, पूर्ण गाठ आल्यावर सरांसमोर मान खाली! तुकड्यात गाठीचा तळ नसेल तर रिपोर्टात तसंच लिही आणि पूर्ण गाठ मागव. एसटीने आलेल्या पेशंटला हेलपाटा पडतो खरा, म्हणून निरोप त्याच दिवशी दे.