बँकेनं सोडलेल्या कर्जावर टॅक्स लागतो का?

देवगडच्या एका मच्छीमार वाचकानं विचारलंय: होडी आणि इंजिनासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज काढलं, धंदा बसला, खातं थकलं. 2025-26 या आर्थिक वर्षात लोकअदालतीत तडजोड झाली. बाकी 5,10,000 रुपये, ठरले 2,20,000. म्हणजे 2,90,000 सुटले. त्यातलं मुद्दल 1,20,000, उरलेलं व्याज. आता ते दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहेत, वर्षाला 1,80,000 मिळतात. एक एजंट म्हणतो, सुटलेली रक्कम हे उत्पन्न, दहा टक्के टीडीएसचे (पैसे देणाऱ्यानं आधीच कापायचा कर) 29,000 माझ्याकडे द्या, नाहीतर नोटीस येईल. "आता ह्यो टॅक्स खंयसून भरू?"

दादा, एक रुपयाही देऊ नका.

एजंटनं दहा टक्के हवेतून काढलेले नाहीत. 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 194आर 1 जुलै 2022 पासून लागू झालं; 2025-26 साठी तोच कायदा बघायचा. धंद्यातून कुणाला फायदा दिला तर देणाऱ्यानं दहा टक्के कर कापायचा. पण बँकांच्या कर्ज-तडजोडीला हे कलम लावायचं नाही, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं सप्टेंबर 2022 च्या 18 क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. आणि कर कापायचाच असता तरी तो बँकेनं कापून सरकारजमा केला असता. एजंटच्या हातात रोख ठेवायची तरतूद कुठल्याच कलमात नाही.

मग सुटलेली रक्कम उत्पन्न धरायची का? व्याजाचं सोपं आहे. आधी खर्च म्हणून वजावट घेतली असेल, तरच माफ झालेलं व्याज कलम 41(1) खाली उत्पन्नात येतं. तुम्ही कधी रिटर्नच भरलं नाही, वजावट घेणार कुठली?

मुद्दलाचं मात्र थोडं गुंतागुंतीचं आहे. 2018 मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की यंत्रसामग्रीसाठी काढलेलं कर्ज माफ झालं तर ते धंद्याचं उत्पन्न नव्हे. त्यातलं एक कारण असं, की कलम 28(iv), म्हणजे धंद्यातून मिळालेला फायदा उत्पन्न धरणारं कलम, रोख फायद्याला लागत नाही. 2023 च्या वित्त कायद्यानं त्या कलमात नेमकी रोख रक्कमही घातली. त्यामुळे होडीच्या मुद्दलावर आयकर खातं बोट ठेवू शकतं. माझ्या मते भांडण्यासारखी बाजू आहे, पण तुम्हाला भांडावंच लागणार नाही.

हिशोब बघा. मुद्दल धरलं तरी तुमचं उत्पन्न 3,00,000. नव्या करपद्धतीत 2025-26 साठी 4,00,000 पर्यंत करच नाही. अगदी व्याजासकट सगळं धरलं तर 4,70,000, त्यावर 3,500 रुपये कर, आणि कलम 87अ च्या सवलतीनं तोही शून्य. 2025-26 साठी ही सवलत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आहे.

तरी यंदा रिटर्न भरून टाका. आधी आयकराच्या पोर्टलवर 26एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून तुमच्या पॅनवर कुणी टीडीएस दाखवलाय का ते पाहा. असेल तर तो परत मागता येतो. बँकेकडून सुटलेल्या मुद्दल-व्याजाची फोड लेखी घ्या आणि लोकअदालतीच्या निवाड्याची प्रत जपून ठेवा. सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' (तडजोडीनं मिटवलं) असा शेरा येईल, त्याला इलाज नाही.

तडजोडीचा शेवटचा हप्ता बाकी आहे असंही तुम्ही लिहिलंय. निवाड्यातल्या अटी वाचा: हप्ता चुकला तर सूट रद्द, असं कलम बहुधा असतं. एजंटसाठी जमवलेले पैसे आधी तिथे भरा, आणि मग बँकेकडून नो ड्यूज दाखला व होडीवरचा बोजा उतरवल्याचं पत्र मागून घ्या.