विचारा बिनधास्त : गवंड्याची पोरगी, दोन ऑस्कर अन् 42 मतं

प्रश्न : मी झाडीपट्टीच्या नाटकात काम करते, वडसाकडच्या एका मंडळीत, दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की रोज रात्री वेगळं गाव. परवा मोबाईलवर ग्लेंडा जॅक्सन नावाच्या ब्रिटिश नटीचा व्हिडिओ आला, वर लिहिलं होतं 'सर्वात बोल्ड अभिनेत्री'. खाली कमेंटा अशा की बाप्पा! मला खरंच विचारायचं आहे, बोल्ड म्हणजे तेवढंच का? आमच्या गावात तर नुसतं नाटकात काम करते म्हटलं तरी लोक तसंच पाहतात.
— एक ताई, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर : ताई, व्हिडिओवाल्यानं शेपूट धरलं अन् त्यालाच हत्ती म्हटलं. उघडे सीन तिनं केले, खोटं कशाला सांगू. दिग्दर्शक केन रसेलच्या 'विमेन इन लव्ह'मध्ये आहेत, अन् त्याच सिनेमासाठी 1971 मध्ये तिला पहिलं ऑस्कर मिळालं. पण शूटिंग चालू असताना ती गरोदर होती हे त्या कमेंटावाल्यांना कुठून माहीत असणार!

बाप गवंडी, आई लोकांच्या घरची साफसफाई करायची, चार बहिणींत ही थोरली, जन्म 1936 चा, लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेडचा. शाळा सुटल्यावर दोन वर्षं बूट्सच्या मेडिकल दुकानात काउंटरवर उभी राहिली, मग स्कॉलरशिप मिळून लंडनच्या राडा या नाट्यशाळेत गेली, अन् तिथं तिला सांगितलं गेलं की चाळिशीपर्यंत फार काम मिळेल अशी आशा ठेवू नको. म्हणजे हिरोईनचा चेहरा नाही, असं सरळ तोंडावर! तिनं तो चेहरा बदलायच्या भानगडीत न पडता तसाच वापरला. 1971 मध्ये टीव्हीवर राणी एलिझाबेथ पहिली झाली तेव्हा राणीचं कपाळ मोठं दिसावं म्हणून पुढचे केस चक्क भादरून टाकले, विग लावून भागवलं नाही. मला विचाराल तर अंगावरचे कपडे काढण्यापेक्षा हे अवघड, कारण आपण कुरूप दिसायला कोणती नटी तयार होते सांगा.

अन् गावातल्या लोकांचं म्हणाल तर सीझनमध्ये तेच लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसलेले असतात ना पहिल्या रांगेत.

प्रश्न : एवढी मोठी नटी निवडणुकीत काहून पडली? आपल्याकडचे हिरो निवडून येतात अन् मग दिसतच नाहीत.
— एक काका, दारव्हा

उत्तर : काका, 'पडली' म्हणजे उतरली असं धरतो, कारण खासदारकीची निवडणूक ती कधीच हरली नाही. 1992 मध्ये लेबर पक्षाकडून हॅम्पस्टेड अँड हायगेटची खासदार झाली अन् अभिनय पूर्ण बंद, तब्बल 23 वर्षं. पंतप्रधान टोनी ब्लेअरच्या सरकारात वाहतूक खात्याची कनिष्ठ मंत्री होती, पण इराक युद्ध आलं तेव्हा त्याच ब्लेअरच्या विरोधात उभी राहिली, पक्ष आपला असला तरी. 2010 ला फक्त 42 मतांनी निवडून आली. बेचाळीस! एवढ्या फरकावर आपल्या ग्रामपंचायतीत फेरमोजणीवरून रात्र काढतात. आणि 2013 मध्ये माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाई वारल्यावर संसदेत सगळे गोड बोलत होते तर ही उठली अन् त्यांच्या राज्यात गरिबांचे काय हाल झाले ते सगळं बोलून गेली, समोरून आरडाओरडा चालू असताना. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हे मलाही वाटतं, तरी ते भाषण मी तीनदा ऐकलं.

मग 2015 ला खासदारकी सोडली, अन् पुढच्या वर्षी लंडनच्या ओल्ड व्हिक थेटरात थेट शेक्सपिअरचा किंग लिअर. लिअरची मुलगी नाही, खुद्द म्हातारा राजा, वय 80! आपल्या दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, पुरुष लुगडं नेसून बायकांचं काम करत आले, कोणाला नवल वाटत नाही, इथं उलटं झालं तर पेपरात मोठाले फोटो आले. नंतर 2018 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटकातला मोठा टोनी पुरस्कार पण मिळवला. 2023 च्या जूनमध्ये गेली, 87 वर्षांची होऊन, आणि त्याच्या थोडंच आधी नट मायकल केनबरोबर एका सिनेमाचं काम संपवून.

प्रश्न : तिनं ऑस्कर घरात कुठं ठेवले होते?
— शाळकरी वाचक, आर्वी

उत्तर : बेटा, घ्यायलाच गेली नाही, दोन्ही वेळी. दुसरं 1974 चं, 'अ टच ऑफ क्लास' या विनोदी सिनेमासाठी. बाहुल्या आईला देऊन टाकल्या अन् त्या माउलीनं त्या पॉलिश करकरून इतक्या घासल्या की वरचा सोन्याचा मुलामाच उडाला, आतला साधा धातू दिसायला लागला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुझ्या आजीच्या हाती चिंच अन् पितळेचा गडवा आला की काय होते ते पाहिलंस ना, तस्संच.