फुटपाथ, पदपथ आणि पायवाट

दादरच्या एका ताईंनी विचारलं आहे : मुलीने इंग्रजी निबंधात ‘फुटपाथ’ लिहिलं, बाईंनी ते खोडून ‘पेव्हमेंट’ केलं. मग आपण मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या चुकतोय का? आणि मराठीत काय म्हणायचं, पायवाट की पदपथ?

ताई, मुलीचं काहीही चुकलेलं नाही. रस्त्याच्या कडेने चालायला बांधलेल्या पट्टीला इंग्लंडमध्ये सहसा ‘पेव्हमेंट’ म्हणतात, अमेरिकेत ‘साइडवॉक’. पण ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे ‘फुटपाथ’च रूढ आहे. फुटपाथवर राहणाऱ्यांबद्दलचा ओल्गा टेलिस खटल्याचा १९८५चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्याच प्रकरणात दिला. त्यातही फुटपाथ आणि पेव्हमेंट हे दोन्ही शब्द आलेले आहेत. शिवाय अमेरिकेत ‘पेव्हमेंट’वर चाला म्हटलं, तर माणूस गाड्यांच्या रस्त्यावर उतरेल; तिथे या शब्दाने डांबरी किंवा काँक्रीटचा पृष्ठभाग समजतात.

इंग्लंडमध्येही फुटपाथ आहेच, पण तो बहुधा शेतांतून, कुरणांतून जातो. म्हणजे आपली पायवाट! म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर संदर्भ पाहून द्यावं लागतं. पायवाट कुणी बांधत नाही, ती चालून चालून पडते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात झाडांतून जाते ती पायवाट. रानडे रोडच्या कडेचा तो पदपथ.

मला ‘फुटपाथ’ या शब्दात सगळ्यात जास्त आवडते ती त्याची नाळ. ‘फूट’ आणि आपला ‘पद’ एकाच मूळ शब्दातून आले आहेत. जर्मन भाषाशास्त्रज्ञ जेकब ग्रिमने १८२२ साली जो ध्वनिनियम मांडला, त्यानुसार मुळातल्या ‘प’चा जर्मानिक (इंग्रजी, जर्मन यांच्या कुळातल्या) भाषांत ‘फ’ होतो आणि ‘द’चा ‘ट’. पाच–फाइव्ह, पितर–फादर, दोन–टू, दहा–टेन. मग ‘पाथ’चा ‘प’ तसाच कसा राहिला? नियमाने तिथेही ‘फ’ हवा होता. म्हणूनच अनेक अभ्यासकांना वाटतं, की हा शब्द जर्मानिक भाषांनी पुढे एखाद्या इराणी भाषेतून उचलला असावा. आणि इराणी भाषा म्हणजे संस्कृतच्या सख्ख्या बहिणी. तसं असेल तर ‘पदपथ’ आणि ‘फुटपाथ’ हे दोन्ही तुकड्यांनी एकमेकांचे नातलग ठरतात.

फुटपाथवरची ‘पथारी’ मात्र या ‘पथ’मधून आलेली नाही, ती ‘प्रस्तर’ म्हणजे अंथरलेलं, यातून आली.

बोलताना मी ‘फुटपाथ’च म्हणतो. फलकावर, अर्जात, बातमीत ‘पदपथ’ लिहितो. ‘पादचारी मार्ग’ही बरोबर आहे, पण रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला हाक मारून सांगायचं असतं तेव्हा तोंडातून ‘फुटपाथवर ये!’ एवढंच निघतं.