दिवा पुन्हा पुन्हा लागतोय ना? मग आधी कोड पुसणं थांबवा

तुमचा प्रश्न असा: पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी उभी असली की इंजिन थरथरतं, गॅरेजवाल्याने कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा नंबर) पुसून दिला, मग ऑक्सिजन सेन्सरही बदलला, तरी थोड्या दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न. घरच्या घरी कारण शोधता येईल का आणि स्कॅनर कोणता घ्यावा?

शोधता येईल. आणि तुमचा जुना ऑक्सिजन सेन्सर बहुतेक चांगलाच होता.

इतकं ठाम बोलतोय, कारण हुबेहूब हाच प्रकार माझ्या ताईच्या गाडीत झाला आणि त्यावरून माझं आणि दाजींचं जे वाजलं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. दाजींचं म्हणणं, आजकालच्या गाड्यांचं निदान घरी होत नाही, ते गॅरेजवाल्याचं काम. माझं म्हणणं, निदान कुठेही होतं, फक्त ते करायला हवं. कोड वाचून त्यात ज्या पार्टचं नाव येईल तो बदलणं म्हणजे निदान नव्हे.

कोड होता पी ०१७१. म्हणजे मिश्रण लीन: हवा जास्त, पेट्रोल कमी. गॅरेजमध्ये सांगितलं, सेन्सर लीन दाखवतोय म्हणजे सेन्सर गेला. हे ऐकलं की माझं डोकं आजही तापतं. तो सेन्सर एक्झॉस्टमध्ये बसून उरलेला ऑक्सिजन मोजतो. तो लीन म्हणतोय तर आधी हे बघा ना, की मिश्रण खरंच लीन आहे का! नवा सेन्सर बसला, कोड पुसला, दिवा गेला, दाजी खूश. मग दिवा परत लागला, आणि तेव्हा मी म्हटलं, आता कोणीही काहीही पुसायचं नाही.

कोड पडतो त्या क्षणाची नोंद ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जपून ठेवतो. तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही पुसली जाते, म्हणून तर मी पुसण्यावर एवढा चिडतो. आमच्या नोंदीत वेग शून्य, आरपीएम साडेसातशेच्या आसपास आणि कूलंट ८९ अंश. म्हणजे इंजिन पूर्ण तापलेलं आणि गाडी जागेवर उभी. एवढ्यावरूनच पेट्रोल पंपावरचा संशय बराच कमी झाला, कारण अशक्त पंप सहसा लोडवर, चढावर, जोरात रेस दिल्यावर उघडा पडतो.

मग स्कॅनरच्या लाइव्ह डेटात, म्हणजे चालू इंजिनाच्या आकड्यांत, फ्युएल ट्रिम बघितला. ईसीयू नेहमीच्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कापतोय, तो हा आकडा. साधारण अधिक-उणे १० च्या आत असला की मी त्याकडे बघत नाही. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने हळूहळू शिकून ठेवलेला) अधिक २२. रेस देऊन २५०० आरपीएमला धरून ठेवली, तर उतरत उतरत अधिक ६. मला जे हवं होतं ते इथे मिळालं. कुठेतरी भोक असेल तर त्यातून येणारी चोरटी हवा आयडलला मोठा वाटा उचलते, कारण तेव्हा इंजिन मुळातच थोडी हवा घेत असतं. थ्रॉटल (हवेची झडप) उघडला की तीच चोरटी हवा किरकोळ ठरते. आयडलला ट्रिम वर आणि रेसला खाली, म्हणजे एअर लीक शोधा. उलट असेल, रेसला वाढत असेल, तर पेट्रोलचा दाब किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर बघा.

शोधायला टॉर्च, छोटा आरसा आणि चिंधी गुंडाळलेली पक्कड. इंजिनच्या मागच्या अंगाला, हेड कव्हरपासून मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांकडे) जाणारा पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढणारा, बोटाएवढा रबरी पाइप होता. वरून अगदी धडधाकट, काळा कुळकुळीत. खालून मात्र कोपरासारख्या वळणावर तेलाच्या वाफेने फुगलेला, लिबलिबीत, हात लावला की बोट काळं. त्या फुगवट्यात नखाएवढी चीर, जी पाइप जरा वाकवला तरच तोंड उघडायची. इंजिन चालू ठेवून चिरेच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला, पाइप पक्कडीने दाबला. एक बारीक सुस्कारा पंख्याच्या आवाजात दडलेला होता, तो बंद पडला तेव्हा कळलं की तो होता. स्टिअरिंगची थरथर गेली. स्कॅनरवर शॉर्ट टर्म ट्रिम (त्या क्षणाची दुरुस्ती) धाडकन उणे १८ वर, कारण ईसीयू सवयीने जादा पेट्रोल टाकत होता आणि आता ते त्याचं त्यालाच जास्त होत होतं. पक्कड सोडली की पुन्हा थरथर. दाजी शेजारीच उभे होते, त्यांनी स्वतः दाबून पाहिलं.

पाइप बदलला. कोड मुद्दाम पुसला नाही. दोष सलग तीन फेऱ्यांत (इंजिन चालू करून, गाडी चालवून, बंद केलं की एक फेरी) दिसला नाही की दिवा साधारणपणे आपला आपण विझतो, आणि तसाच तो विझला.

तरी दाजींचा मुद्दा उभाच: "सेन्सर बदलल्यावरही दिवा गेला होता की!" गेला होता, कारण कोड पुसला होता. पुसताना बहुतेक गाड्यांत ईसीयूने शिकलेला ट्रिमही शून्यावर येतो. तो पुन्हा हळूहळू वर चढतो, आणि मिश्रणाचा दोष सहसा लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्यावरच दिवा लागतो. मधले ते शांत दिवस म्हणजे दुरुस्ती नव्हे. तरीही पटेना, तेव्हा डिकीत पडलेला जुना सेन्सर मी थंड इंजिनावर परत बसवला. गाडी आजही त्याच सेन्सरवर चालते, दिवा नाही, ट्रिम शून्याच्या आसपास. नवा सेन्सर खोक्यात घालून दाजींच्या हाती दिला. यापुढे आणखी काय पुरावा द्यायचा, ते त्यांनीच सांगावं.

आता तुमची गाडी. कोड कोणता ते तुम्ही लिहिलेलंच नाही. पी ०१७१ असेल तर वरचंच करा, आणि ब्रेक बूस्टरचा पाइप व मॅनिफोल्डचं गॅस्केटही बघा. पेट्रोल भरल्यावरच गाडी जास्त कुरकुरत असेल तर टाकीची वाफ ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का बघा. त्याचा पाइप दाबून आयडल सुधारतं का ते लगेच कळतं. पी ०३०२ सारखा एकाच सिलिंडरच्या मिसिंगचा (पेट्रोल नीट न पेटण्याचा) कोड असेल तर काहीही विकत घेण्याआधी दोन नंबरच्या सिलिंडरची, प्लगला ठिणगी देणारी कॉइल तीन नंबरवर लावा. कोड ०३०३ झाला तर कॉइल गेली. तिथेच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. स्कॅनर कुठलाही घ्या, पण फ्रीज फ्रेम आणि लाइव्ह डेटा न दाखवणारा, नुसता कोड वाचणारा-पुसणारा घेऊ नका.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ट्रिमचं हे गणित एमएएफ असलेल्या इंजिनांना नीट लागू पडतं. ज्यात फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो, तिथे लीकमुळे मिश्रण लीन दिसण्याऐवजी आयडलच चढलेलं राहू शकतं. लीक शोधायला चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारणारे व्हिडिओ पाहाल, ते करू नका, तो भडकतो. दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल तर मिसिंग इतकं आहे की न जळलेल्या पेट्रोलमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) जळून खराब होतोय. मग निदान बाजूला ठेवा आणि गाडी चालवणं थांबवा. आणि सेन्सर कधीच खराब होत नाहीत असं माझं म्हणणं नाही. होतात. पण ते सिद्ध करून मग बदला.

पुढच्या वेळी दिवा लागला की गॅरेजला जाण्याआधी फ्रीज फ्रेमचा फोटो काढा, आयडलचे आणि २५०० आरपीएमचे ट्रिम लिहून घ्या आणि इथे टाका. मी बघतो.