मुलगी अकरावीला, मुलगा आठवीत: छत्रपती संभाजीनगरमध्ये घर कोणत्या भागात बघावं?

तुम्ही लिहिलंय की वाळूजच्या कंपनीत बदली झालीय आणि पुण्याहून चौघंही इकडे येताय. मुलीची दहावी झाली, ती सायन्सला जाणार. मुलगा यंदा आठवीत. एजंट इथल्याच सातारा परिसरात (सातारा शहर नव्हे) तीन बेडरूमचा नवाकोरा फ्लॅट दाखवतोय आणि जवळपास तेवढ्याच भाड्यात गारखेड्यात जुना टू बीएचके मिळतोय. माझं स्पष्ट मत गारखेड्याच्या बाजूनं आहे. एक खोली कमी पडेल, ती चालवून घ्या.

आम्ही नांदेडहून इथे आलो तेव्हा आमची मुलं याच वयाची होती आणि गेली बरीच वर्षं मी याच शहरात राहतेय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

मुलं लहान असतात तेव्हा शाळेची बस दारात येते आणि दारात सोडते. घर कुठेही असलं तरी निभतं. दहावीनंतर ती बस बंद होते. अकरावी-बारावीची मुलगी सकाळी कॉलेजला, दुपारी घरी, परत संध्याकाळी क्लासला आणि रात्री साडेआठ-नऊला घरी, असे दिवसातून दोनदा हेलपाटे घालते. तिला ते एकटीनं करता आले पाहिजेत. नाहीतर दोन वर्षं आई किंवा वडील ड्रायव्हर होऊन बसतात, आणि मुलीला मैत्रिणीकडे अर्धा तास थांबायचं तरी घरच्यांच्या गाडीची वाट बघावी लागते. म्हणून घर बघताना वडिलांच्या कंपनीचं अंतर दुसऱ्या नंबरवर ठेवा. वाळूजच्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या बस सिडको, गारखेडा या भागांतून माणसं उचलतात. तुमच्या कंपनीची बस कुठून कुठे जाते ते एचआरला आधीच विचारून घ्या. मुलांसाठी तशी सोय कुणी करत नाही.

‘स्कूटी घेऊन देऊ’ असं तुमच्या मनात असेल तर आधी कायदा बघा. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटी 110-125 सीसीच्या असतात, त्यांना अठरा पूर्ण लागतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून अपघात किंवा गुन्हा घडला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इथे क्लाससमोर लायसन्स नसलेल्या मुलांच्या गाड्यांची रांग दिसेल, म्हणून ते बरोबर ठरत नाही. तेव्हा सायकल, रिक्षा, सिटी बस आणि पायी, या चौघांच्या भरवशावरच हिशोब मांडा.

या हिशोबात सातारा-देवळाई मागे पडतं. वाईट भाग नाही तो. डोंगराच्या कुशीत आहे, हवा चांगली, घरं मोठी आणि नवी. पण शहरात यायचं तर बीड बायपास आणि रेल्वेरूळ दोन्ही ओलांडावे लागतात. सोलापूर-धुळे महामार्गाचं नवं बाह्यवळण झाल्यापासून बायपासवरची लांब पल्ल्याची जड वाहनं पुष्कळ कमी झाली, तरी सोळा वर्षांच्या मुलीनं रात्री सायकलवर पार करावा असा तो रस्ता नाही. आतल्या कॉलन्यांत पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो आणि काही गल्ल्यांत दिवे नसतात. महापालिकेत हा भाग उशिरा आला, त्यामुळे पाणी, ड्रेनेज, रस्ते सगळंच मागून येतंय. लहान मुलांचं कुटुंब किंवा निवृत्त जोडपं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

गारखेडा, जवाहरनगर, उल्कानगरी, ज्योतीनगर, उस्मानपुरा हा सलग पट्टा आहे. क्लासेसची दाटी उस्मानपुरा-ज्योतीनगरकडे, देवगिरी महाविद्यालय तिथून पुढे स्टेशन रोडवर. गजानन महाराज मंदिराच्या चौकापासून सूतगिरणी चौकापर्यंत रात्री नऊ-साडेनऊलाही दुकानं उघडी असतात, माणसांची वर्दळ असते. मुलीसाठी हे फार मोठं आहे. अंधाऱ्या, शांत, ‘पॉश’ कॉलनीपेक्षा भाजीवाल्या मावशी आणि झेरॉक्सवाला जागे असलेला रस्ता मला कधीही जास्त सुरक्षित वाटतो. मुलासाठी विभागीय क्रीडा संकुल जवळच आहे. आठवीतल्या मुलाला नव्या गावात मित्र मिळतात ते मैदानावर. पहिल्याच आठवड्यात त्याला तिथे न्या, कुठला खेळ ते त्याचं तो ठरवील.

सिडको हा दुसरा चांगला पर्याय. एन-1, एन-2 अशी सेक्टरवार आखणी, मधे मधे बागा आणि मैदानं, कॅनॉटच्या बाजारपेठेत क्लासेस आणि पुस्तकांची दुकानं. फक्त नकाशात जालना रोड बघून घ्या. एन-3, एन-4 त्याच्या दक्षिणेला आणि कॅनॉट, एन-6, एन-7 उत्तरेला. सेक्टरचे नंबर शेजारी-शेजारी असले तरी मधला रस्ता ओलांडायचा असेल तर सायकलवाल्या मुलासाठी ते अंतर दुप्पट समजा. घर आणि क्लास रस्त्याच्या एकाच बाजूला येत असतील तर सिडकोसारखी सोय नाही. वडिलांना वाळूज लांब पडेल. पूर्ण शहर आणि छावणी पार करून जायचं, नगर नाक्यापासून पुढे शिफ्ट सुटायच्या वेळी गाड्या तुंबतात.

बजाजनगर वाळूजला लागूनच, एमआयडीसीचं पाणी, कामगार कुटुंबांची चांगली वस्ती. मुलगा एकटाच असता तर दहावीपर्यंत तिथेच राहा म्हटलं असतं, पण मुलीच्या क्लाससाठी रोज पंधरा-एक किलोमीटर शहरात येणं नको. कांचनवाडी-पैठण रोडचंही तसंच. लिंक रोडनं वाळूज सोपं जातं, पण मुलं एका टोकाला पडतात.

आता पाण्याचं, कारण पुण्याच्या माणसाला याची कल्पना नसते. शहराला पाणी येतं पैठणच्या जायकवाडीतून, आणि ते रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. 700 आणि 1400 मिलिमीटरच्या जुन्या जलवाहिन्यांवर शहर वर्षानुवर्षं चाललं. 2500 मिलिमीटरच्या नव्या जलवाहिनीचं नाव एजंट हमखास घेईल. योजनेच्या भरवशावर घर घेऊ नका. आज या गल्लीत नळ कधी येतो ते विचारा, आणि एजंटला नको, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईला विचारा: किती दिवसांआड, किती वाजता, किती वेळ, हौद केवढा, मे महिन्यात टँकर किती लागले आणि पैसे कुणी दिले. ‘किती वाजता’ हा प्रश्न सोडू नका. पाणी पहाटे तीनला येणार असेल आणि वडील रात्रपाळीला असतील तर मोटर लावायला उठणार कोण? आई आजारी असली की अकरावीतली मुलगी उठते. माझ्या ओळखीतल्या एका घरात बारावीच्या परीक्षेच्या काळात हेच चाललं होतं. ज्या घराला मोठा हौद आणि चालू बोअर आहे ते घर भाड्यानं थोडं महाग पडलं तरी घ्या.

दुसरी गोष्ट गेटची. इथे फ्लॅटपेक्षा ‘घरमालक खाली, भाडेकरू वर’ ही पद्धत अजून खूप आहे. मालक सज्जन असतात, मुलांना नातवंडांसारखं वागवतात, पण रात्री दहाला गेटला कुलूप लागतं आणि मुलांचे मित्र जिन्यानं वर गेलेले चालत नाहीत. हे करारात कुठे लिहिलेलं नसतं. टोकन देण्याआधी समोरासमोर विचारा की क्लास नऊला सुटतो, ग्रुपनं अभ्यासाला मुलं-मुली घरी येतील, चालेल ना? उत्तर द्यायला मालकांनी वेळ लावला तर दुसरं घर बघा. पंधरा-सोळाच्या वयात गाव बदलून आलेल्या मुलीला मैत्रिणी घरी बोलावता आल्या नाहीत तर ती फोनमध्ये शिरते, आणि मग आपणच तिला बोलतो.

कॉलेजच्या नावावरून घर ठरवू नका. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालेत. पसंतीक्रमात दहा कॉलेजं भरता येतात, आणि पहिल्या पसंतीचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. देवगिरी, औरंगपुऱ्यातलं सरस्वती भुवन, समर्थनगरचं विवेकानंद, यातलं कुठलं मिळेल ते गुणांवर. क्लास मात्र तुमच्या हातात असतो आणि मुलीचा जास्त वेळ तिथेच जाणार, म्हणून आधी क्लास ठरवा. तिला दोन-तीन ठिकाणी बसून बघू द्या. मग त्या क्लासपासून सायकलनं वीस मिनिटांच्या आत घर शोधा, आणि पसंतीक्रम भरताना घराजवळची कॉलेजं वर ठेवा.

घर पक्कं करण्याआधी दोन्ही मुलांना घेऊन या. मे महिन्यात या, ऊन बेचाळीसवर असताना, कारण पाण्याचं खरं चित्र तेव्हाच दिसतं. संध्याकाळी साडेआठला मुलीबरोबर क्लासपासून त्या घरापर्यंत पायी चाला. तिनं पुढे चालायचं, तुम्ही मागे, आणि मध्ये काही बोलू नका. ती कुठे पावलं भराभर टाकते, कुठे रस्त्याची बाजू बदलते, ते दिसेल. कोपऱ्यावर टवाळ पोरं उभी असतात का, कुत्री अंगावर येतात का, दिवे आहेत का, हे एजंटच्या दुपारच्या फेरीत कळत नाही. दुसऱ्या दिवशी जवळचा सिटी बसचा थांबा शोधा आणि शेवटची बस किती वाजता ते थांब्यावरच्या माणसांना विचारा. मुलीनं ‘इथे नको’ म्हटलं तर कारण सांगता आलं नाही तरी तिचं ऐका. पुणं, शाळा, मैत्रिणी सगळं ती तुमच्या बदलीसाठी सोडतेय, निदान राहायच्या गल्लीवर तिचं मत चालू द्या.

करार अकरा महिन्यांचाच करा. वर्षभरात मुलीचा क्लास बदलू शकतो. फ्लॅट विकत घ्यायचा विचार मुलगी बारावी होईपर्यंत बाजूला ठेवा.

मुलाचं एकच सांगायचं राहिलं. तो आठवीत असताना येताय ते चांगलं आहे, त्यामुळे बदली पुढे ढकलू नका. सीबीएसईत असेल तर नववीत बोर्डाची नोंदणी होते आणि त्यानंतर शाळा बदलायला परवानगीची कटकट असते. शाळेचा दाखला पुण्यातून निघतानाच हातात घ्या. जूनमध्ये इथल्या शाळा सुरू झाल्या की त्यासाठी परत फेरी मारायला सुट्टी मिळत नाही.