अक्षतंतू ‘वाढतो’, ‘फुटतो’ की ‘वाट काढतो’?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, गर्भातील चेतापेशीच्या (मेंदू आणि मज्जासंस्थेतील पेशीच्या) अक्षतंतूविषयी, म्हणजे तिच्यातून निघून संदेश पुढे नेणाऱ्या लांब धाग्याविषयी, लिहिताना ‘वाढतो’, ‘पसरतो’ आणि ‘फुटतो’ यांपैकी कोणते क्रियापद योग्य, आणि त्याला इष्ट स्थळी नेणाऱ्या रासायनिक संकेतांच्या कामाला ‘मार्गदर्शन’ म्हणावे का.

‘पसरतो’ टाळावे, कारण पसरण्याला दिशा नसते आणि अक्षतंतूच्या बाबतीत दिशा हीच मुख्य गोष्ट आहे. उरलेली दोन्ही क्रियापदे आपापल्या टप्प्यावर बरोबर आहेत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशीला प्रथम सारखेच दिसणारे काही आखूड प्रवर्ध, म्हणजे पेशीतून बाहेर येणारे धागे, फुटतात. मग त्यांतला एक इतरांना मागे टाकून झपाट्याने लांबतो आणि अक्षतंतू ठरतो, तर बाकीच्यांच्या पुढे वृक्षिका, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्या, होतात. या आरंभाला ‘फुटणे’ चपखल बसते. त्यानंतर ‘वाढणे’ लिहिण्यास हरकत नाही, मात्र कुठे वाढतो ते सांगायला हवे. केस मुळाशी वाढतो आणि त्याचे टोक नुसते पुढे ढकलले जाते. अक्षतंतूची वाढ मात्र प्रामुख्याने टोकाशी होते. त्या टोकाला ‘वृद्धिशंकू’ म्हणतात.

स्पॅनिश चेताशास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भातील वृद्धिशंकूचे वर्णन केले. त्यांच्यासमोर होते ते रंग दिलेले निर्जीव काप, आणि तरीही हे टोक चालते असावे हे त्यांनी ओळखले, याचे मला आजही विलक्षण कौतुक वाटते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातील ऊतीचा तुकडा लसीकेच्या (ऊतींतून गोळा होणाऱ्या द्रवाच्या) थेंबात ठेवून जिवंत तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला. वृद्धिशंकूच्या कडेने अतिशय बारीक प्रवर्ध सतत बाहेर पडतात आणि आत ओढले जातात. ज्या बाजूला अनुकूल संकेत मिळतो, तिकडचे प्रवर्ध टिकतात, त्यांच्यातील अ‍ॅक्टिनच्या प्रथिनधाग्यांना आधार मिळतो, मागून सूक्ष्मनलिका (पेशीला आतून आधार देणाऱ्या बारीक नळ्या) तिकडे शिरतात आणि अख्खा तंतू त्या बाजूला वळतो. मराठीत यासाठी ‘चाचपणे’ आणि ‘वाट काढणे’ हे दोन शब्द तयारच आहेत. पाठ्यपुस्तकी वाक्यातही ते वापरायला संकोचू नये.

आता ‘मार्गदर्शन’. हा शब्द चुकीचा नाही, पण त्यात सारे शहाणपण वाट दाखवणाऱ्याकडे जाते. मेरुरज्जूतील (पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतील) काही अक्षतंतूंना पोटाकडील मध्यरेषेवरच्या पेशी नेट्रिन नावाच्या प्रथिनाने आपल्याकडे ओढतात. परंतु मध्यरेषा ओलांडताच तेच अक्षतंतू तिथल्याच स्लिट या प्रथिनाला प्रतिसाद देऊ लागतात आणि दूर लोटले जातात, त्यामुळे ते माघारी फिरत नाहीत. त्याहून बोलके उदाहरण मेंदूच्या बाह्यकाचे, म्हणजे बाहेरच्या थराचे, आहे. तिथे पृष्ठभागाजवळ सेमॅफोरिन-३ए हे प्रथिन अधिक असते. त्याच्यामुळे एकाच पेशीचा अक्षतंतू पृष्ठभागापासून दूर जातो आणि तिची मुख्य वृक्षिका पृष्ठभागाकडे वळते, हे २००० मध्ये दाखवले गेले. संकेत एक, अर्थ दोन! म्हणून संकेतांना ‘मार्गदर्शक रेणू’ म्हणावे, पण एकूण प्रक्रियेला मी ‘मार्गशोधन’ म्हणेन, कारण अर्थ लावण्याचे काम पेशीच्या ग्राहींचे, म्हणजे संकेत टिपणाऱ्या प्रथिनांचे, आहे. नेट्रिन हे नाव तर १९९४ मध्ये थेट संस्कृत ‘नेतृ’, म्हणजे नेणारा, या शब्दावरून ठेवले गेले. विद्यार्थी ते ‘नेत्र’शी जोडण्याची शक्यता आहे, दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘नी’ हाच धातू असला, तरी प्रथिनाच्या नावात डोळा अभिप्रेत नाही.

शाखांविषयी लिहिताना ‘दुभंगणे’ आणि ‘फाटा फुटणे’ यांत फरक ठेवावा. वृद्धिशंकूच दोन झाला तर अक्षतंतू दुभंगतो. पण बऱ्याचदा टोक पुढे निघून गेल्यावर मागे, तंतूच्या अंगातून, नवी शाखा निघते, आणि तो खरा फाटा. वृक्षिकेला मात्र ‘फांद्या’च शोभतात, कारण तिच्या नावातच वृक्ष आहे. एकाच पेशीच्या फांद्या बहुधा एकमेकींना ओळखून टाळतात, म्हणून त्यांची गुंतवळ होत नाही. फळमाशीत या ओळखीसाठी डीस्कॅम-१ हे एकच जनुक आहे, ज्यापासून ३८,०१६ वेगवेगळी प्रथिनरूपे बनू शकतात.

आपल्या सीमाभागातील वर्गात आणखी एक काळजी घ्यावी लागते. कन्नडमध्ये ‘नर’ म्हणजे मज्जातंतू आणि ‘कोश’ म्हणजे पेशी, म्हणून तिथे चेतापेशीला ‘नरकोश’ म्हणतात. बेळगावात दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्या मुलांना मराठीतला ‘नर’ आठवून घोटाळा होणे स्वाभाविक आहे. घरात आपण ‘शीर आखडली’ म्हणतो, पण शीर रक्तवाहिनीही असते. शिवाय मज्जातंतू म्हणजे अनेक अक्षतंतूंची जुडी; एका पेशीबद्दल बोलताना तो शब्द वापरू नये.

‘अक्षतंतू’ पुल्लिंगी, ‘वृक्षिका’ स्त्रीलिंगी, आणि दोन्हींची अनेकवचने तशीच राहतात. शेवटचा ‘तू’ दीर्घ लिहावा. मात्र ‘तंतुवाद्य’सारख्या समासात तो ऱ्हस्व होतो.